तुरळक ठिकाणी

सकाळी साडेआठला मी तारेच्या कुंपणात शिरतो,
नरसाळं उचलतो, खालची बाटली काढतो,
काचेच्या मापात ओततो
आणि डोळा पाण्याच्या रेषेला आणतो.
एवढंच माझं काम.
तायाप्पा ऐवळे, कोतवाल, सावळज,
पडून गेलेला पाऊस मोजणारा.

पडणाऱ्याचं मला कुणी सांगत नाही.
तरी लोक मलाच धरतात,
"काय ओ कोतवाल, आज नक्की का?"
जसे काही ढग
रात्री मला विचारूनच निघतात.

मोबाईल म्हणतो, जिल्ह्यात तुरळक ठिकाणी
हलक्या ते मध्यम स्वरूपाचा पाऊस.
शौकतभाई तांबोळी, मांडववाले, म्हणाले,
"हे तुरळक गाव कुठल्या तालुक्यात येतं बघा एकदा.
कवठ्याच्या पुढं, का जतच्या अलीकडं?
एसटी जाते का तिथं?
जाऊन त्या लोकांच्या पायाच पडून येतो."
सगळे हसलो. ते नाही हसले.
आदल्या मंगळवारी, मेसेज वाचून,
त्यांनी कापडाच्या भाड्यात पत्र्याचा मांडव घातलेला,
आणि ऊन असं तापलं
की वऱ्हाड ताटं उचलून लिंबाखाली गेलं.

मार्चात पद्मावती चौगुलेंनी
बेदाण्याच्या शेडचे पडदे तीनदा सोडले.
तीनदा बायका हातातली भाकरी ठेवून धावल्या,
दोऱ्या ओढल्या, गाठी मारल्या,
आणि वारा कोंडला म्हणून आतला माल
घामेजून तांबूस पडत गेला.
आभाळ घासल्या परातीसारखं.
चौथ्यांदा त्या म्हणाल्या,
"राहू दे गं. रोजचंच बोंबलतंय ते."

त्या रात्री आडवा पाऊस आला.

सकाळी मोजला. चार पूर्णांक दोन.
त्या कुंपणाबाहेर उभ्या, मुठीत बेदाणा,
काळा, फुगलेला, चिकट.
"चारच? माझ्या शेडात घोटाभर पाणी होतं, तायाप्पा.
भांडं बघ तुझं, गळकं असंल."
गळकं नव्हतं.
ओढ्याच्या अलीकडं चार,
पलीकडं किती ते मोजायला पलीकडं भांडंच नाही.
शौकतभाईंचं गाव मला तेव्हा सापडलं.
ओढा ओलांडला की लागतं.
मी म्हटलं, "वहिनी, बाटलीत उतरतं
तेवढंच मी लिहितो."
त्यांनी मूठ माझ्या तळहातावर उघडली.
"मग हे पण उतरवून घे."

रजिस्टरात रकाना एकच, मिलिमीटर.
त्या दिवशी शेजारी शिसपेन्सिलीनं
मी एक वाढवला, 'सांगितलेला'.
मागच्या तारखांचे मेसेज मोबाईलवर होतेच, तेही भरले.
साहेबांना माहीत नाही.
हिशेब मांडून पुण्याला पत्र टाकायचं होतं,
चांगलं खरमरीत.

काल पानं उलटली.
चुका होत्याच, मोजल्या, अकरा.
पण मधेमधे पानंच्या पानं
कोरडं राहील, शून्य.
कोरडं राहील, शून्य.
कोरडं राहील, शून्य.
या तारखांना कुणी मला रस्त्यात अडवलेलं आठवत नाही.
शौकतभाईंनी कापड बांधलं असेल,
पैसे मोजून खिशात घातले असतील.
पद्मावतीवहिनींच्या वरच्या जाळीवर
काहीतरी हिरवंगार वाळलं असेल.
कुणाच्या लक्षात राहतं ते?
अकरा मात्र तोंडपाठ आहेत गावाला.
मलाही.

पत्र राहिलं.

आज परत तेच, तुरळक ठिकाणी.
संध्याकाळी वहिनींच्या पोराचा फोन,
"तायाप्पाकाका, तुमीच सांगा, पडदे सोडू का नको?"
मी ओढ्याकडं बघितलं.
पलीकडं थोडं काळं होतं, किंवा
तिन्हीसांजेला असतं तेवढंच होतं.
म्हटलं, "सोड."

आता साडेअकरा वाजलेत.
वारा पडलाय. पडद्यांत माल घामेजत असंल.
मी अंथरुणात, पत्र्याकडं कान लावून,
आयुष्यात पहिल्यांदा
न पडलेला पाऊस मोजत.